ओल्या फडक्याने पुसलेला फळा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कर्जतला इंग्रजीच्या एका क्लासमध्ये मी एकोणीस वर्षं झाडू मारला, फळा पुसला, माठ भरला, सकाळी कुलूप काढलं आणि संध्याकाळी लावलं. या अंकाचे संपादक त्याच क्लासचे जुने विद्यार्थी. "मावशी, तुमच्या कामाबद्दल लिहा," असा त्यांचा फोन आला. म्हातारीचं अशुद्ध छापून लोकांना हसवायचं असेल, असं मला आधी वाटलं. तसं मी त्यांना विचारलंही. ते म्हणाले, "शुद्धलेखन आम्ही बघू." म्हणून लिहिते. यातलं काही गोड करून छापलं तर मी पुढच्या वर्षी येऊन भांडेन.

क्लास बाजारपेठेत, एका किराणा दुकानाच्या वर. एकच खोली, चौदा बाकं, दोन पंखे आणि समोर भिंतभर काळा फळा. आता बऱ्याच ठिकाणी पांढरे फळे आलेत, पेनने लिहायचे. आमच्या सरांना ते आवडत नाहीत. पेनाचा वास येतो म्हणतात. माझ्या मते त्यांना खडू दाबायला आवडतो.

लोकांना वाटतं, फळा पुसायला काय लागतं? फळा दोनदा पुसावा लागतो. आधी कोरड्या डस्टरने, वरून खाली, एका रेषेत. गोल गोल फिरवलं की नुसती पांढरी धूळ पसरते. मग ओलं फडकं, घट्ट पिळून. मग डस्टर मागच्या गॅलरीत नेऊन झाडायचा, तोंड फिरवून, नाहीतर दिवसभर खोकला. आमच्या कडावच्या शाळेत लहानपणी आम्ही फळ्याला कोळसा आणि भोपळ्याची पानं चोळायचो, तेव्हापासून मला फळ्याचं थोडं कळतं. खडूवरून मास्तर ओळखता येतो. हलक्या हाताने लिहिणाऱ्याचा खडू आठवडाभर पुरतो. आमचे सर असे दाबायचे की तासाला तीन खडू मोडायचे, आणि तुकडे मी वेचायची.

बाकांखाली काय सापडतं यावरून मुलंही कळतात. कोण गोळ्या खातं, कोण बाक कोरतं, कोण रडतं. मी कुणाला सांगितलं नाही, पण ध्यानात ठेवलं. माझा स्वभावच तसा. माझा नवरा म्हणायचा, "ही देवळात गेली तरी आधी चपला मोजते." मोजते. त्याच्या चपला दोनदा गेल्या, माझ्या एकदाही नाही.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. कडावकडचेच एक गृहस्थ, पासष्टीचे, रोज पहिल्या बाकावर बसायचे. सरांनी विचारलं, "काका, या वयात इंग्रजी कशाला?" ते म्हणाले, "सून फोनवर इंग्रजीत बोलते. माझं नाव मधे मधे येतं. बाकीचं काय म्हणते ते कळाय पायजे." पाच महिने शिकले. मग यायचे बंद झाले. बाजारात भेटले तेव्हा मी विचारलं, "काय वो, कळलं का?" तर म्हणाले, "कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं." मला तो माणूस आवडायचा.

आता त्या धड्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर घडलं.

पायरीवर बसून मी तो धडा पन्नास वेळा तरी ऐकला असेल. सर फळ्यावर दोन वाक्यं लिहायचे. ही मुलगी. हिने काच फोडली आहे. मग म्हणायचे, ही दोन वाक्यं बांधायची. आपण मराठीत 'जिने काच फोडली आहे ती मुलगी' असं आधी जी आणि मग ती म्हणतो. इंग्रजीत एकच कडी. माणूस असेल तर 'हू', वस्तू असेल तर 'विच'. ती कडी नावाच्या पाठीमागे लगेच अडकवायची. 'द गर्ल हू हॅज ब्रोकन द ग्लास.' मग सर विचारायचे, "हॅज का? नुसतं 'ब्रोक' का नाही?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "कारण काम झालंय, पण त्याची खूण अजून समोर आहे. काच अजून फुटलेलीच आहे. तुकडे अजून खाली पडलेत."

तुकडे मी उचलणार, हे ते सांगायचे नाहीत.

धड्याचा शेवट अवघड होता. एकजण असला तर हॅज, पुष्कळ असले तर हॅव, इतपत सगळ्यांना यायचं. पण सर एक वाक्य द्यायचे, 'वेळेवर आलेल्या मुलींपैकी ती एक.' इथे सगळे फसायचे. ती एक, म्हणून हॅज लिहायचे. सर टेबलावर हात आपटायचे, "हू कुणाकडे बघतोय? तिच्याकडे नाही, मुलींकडे! मुली पुष्कळ, म्हणून हॅव. 'वन ऑफ द गर्ल्स हू हॅव कम ऑन टाइम.' आणि 'वेळेवर आलेली ती एकटीच' असं म्हणायचं असेल तेव्हा हॅज." परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा आणि हमखास सगळे चुकायचे. सरांना त्याचं दुःख कमी आणि मजा जास्त वाटायची असा माझा संशय आहे.

सर माणूस वाईट नव्हते. पण माझ्याहून संशयी. पेपर मोबाइलवर ठेवायचे नाहीत, दुकानातून छापून आणायचे नाहीत. घरच्या छपाई यंत्रावर काढायचे आणि परीक्षेच्या सकाळी पिशवीत घालून आणायचे. एक सवय मात्र त्यांना होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सगळे गेले की दार लावून ते अख्खा पेपर स्वतः फळ्यावर सोडवायचे, घड्याळ लावून. मुलांना किती वेळ द्यायचा ते त्यावरून ठरवायचे. प्रश्न, उत्तरं, सगळं. मग दार उघडून म्हणायचे, "मावशी, स्वच्छ पुसा," आणि मी डस्टर हातात घेतला की निघायचे. सतरा वर्षं मला त्यात धोका दिसला नाही. फळा पुसणारी मी, आणि मला इंग्रजी वाचायला येत नाही, म्हणून त्यांनाही दिसला नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रसायनीच्या एका कंपनीला ऑफिसात एक मुलगी हवी होती, इंग्रजी पत्रं लिहिणारी. त्यांनी सरांनाच सांगितलं, तुमच्यातली एक द्या. सरांनी रविवारी परीक्षा ठेवली. पहिली येईल तिचं नाव जाणार.

पोरी सहा होत्या. त्यांतल्या दोघींबद्दलच सांगायचंय. नेहा कर्जतचीच, वडिलांचं कपड्यांचं दुकान, बोलायला चटपटीत. आणि सुजाता कोंडाण्याची. वडील नाहीत, आई लोकांच्या शेतावर जाते. सुजाता कमी बोलायची. तिचा हात हलका, वहीवर लिहिलं तर मागच्या पानावर उमटायचं नाही. कोंडाण्याहून पहिल्या टेंपोने यायची, म्हणून नेहमी सगळ्यांच्या अर्धा तास आधी. मी कुलूप काढायची, ती पहिल्या बाकावर बसायची, मी खाली माठाचं पाणी भरायला जायची. ती लवकर येते याचाही मला संशय यायचा. घरी भांडण असेल असं वाटायचं. तसं नव्हतं. दुसरा टेंपो उशिरा होता, एवढंच.

त्या शनिवारी पेपर फळ्यावर सोडवता सोडवता सरांना उशीर झाला. माझा कडावचा टेंपो सुटायची वेळ झाली होती. सरांनी "स्वच्छ पुसा" म्हटलं आणि गेले. माझ्या हातात फरशीचं ओलं फडकं होतं. डस्टर घ्यायचा, वरून खाली पुसायचं, झाडून आणायचा, यात दहा मिनिटं जातात. मी ते ओलं फडकं फळ्यावरून एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे फिरवलं. फळा काळाभोर झाला. कुलूप लावून धावत गेले. टेंपो मिळाला.

रविवारी सुजाता आली, बसली. मी माठ भरून, पायऱ्या झाडून वर आले, तर फळा पांढुरका दिसला. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. धूळ असेल म्हणून न निरखताच डस्टर फिरवला. मग बाकीच्या आल्या, सर आले, परीक्षा झाली.

सोमवारी निकाल. सुजाताला सगळेच्या सगळे गुण. तो 'मुलींपैकी एक'वाला प्रश्नसुद्धा बरोबर.

सरांनी तिला उभं केलं. मी दारात होते.

"सुजाता, हे उत्तर आजपर्यंत कुणाला आलेलं नाही. पेपर कुठे बघितलास?"

"फळ्यावर होतं सर."

"कुठल्या फळ्यावर?"

"ह्याच. काल मी आली तवा. अर्ध अर्ध दिसत होतं. मला वाटलं शनवारचा धडा हाय. मी वाचला, आमी आधी शिकलेलो ते आठवलं, म्हणून मग पेपर आल्यावर सोपा गेला. मला वाटलं तुमीच ठेवला असंल, उजळणीला."

नेहा हसली. "फळ्यावर! सर, मग आम्हाला का नाही दिसला?"

सर माझ्याकडे वळले. "मावशी, शनिवारी फळा पुसला होतात ना?"

मी म्हणाले, "पुसला होता."

"स्वच्छ?"

"काळाभोर. तुमी बगायला पायजे होता."

सुजाता माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा राग आला. सतरा वर्षांत माझ्या फळ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मला वाटलं, ही पोर स्वतःची चोरी माझ्या फडक्यावर ढकलतेय. मी पुढे म्हणाले, "सर, सकाळी ही अर्धा तास एकटीच असते. तुमचं कपाट बगा." कपाट बघितलं. कपाटात काही गेलेलं नव्हतं, पण शब्द बोलून झाला होता. सरांनी तिचं नाव काढून टाकलं.

मंगळवारी सगळे गेल्यावर मी फरशी पुसत होते. फळ्यावर सरांचं दुपारचं लिहिलेलं होतं. मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. मनात काहीतरी टोचत होतं, हे खरं. मी ओलं फडकं एकदा फिरवलं आणि फळ्याजवळच्या बाकावर बसले. फळा काळा. मग खिडकीच्या बाजूने वाळायला लागला. आणि जिथे वाळला तिथून अक्षरं वर यायला लागली. आधी पुसट, मग पांढरी. दाबून लिहिलेला खडू पाण्याने जात नाही, नुसता दडतो. ओला असेतोवर दिसत नाही. दहा मिनिटांत सरांचं अख्खं लिहिणं माझ्यासमोर उभं राहिलं, मला वाचता येत नसलं तरी.

मी उठले, डस्टर घेतला, वरून खाली नीट पुसलं, झाडून आणला, कुलूप लावलं आणि घरी गेले.

बुधवारी गप्प राहिले. गुरुवारी गप्प राहिले. कारण सांगते. या वयात दुसरं काम मला कोण देणार? सरांनी "पुसला होतात ना?" विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर "काळाभोर" म्हटलं होतं. ते आता कसं गिळू? शिवाय मी स्वतःलाच म्हणत होते की पोरगी तरुण आहे, तिला दुसरं मिळेल. आपल्याला सोयीचं असलं की दुसऱ्याचं वय लगेच कमी दिसतं.

शुक्रवारी सुजाता तिच्या वह्या घ्यायला आली. जिन्याखाली मी माठ धूत होते. ती वर गेली नाही, माझ्यापाशी थांबली. रडत नव्हती. रडली असती तर मी कदाचित गप्पच राहिले असते. रडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

"मावशी, तुमी खरंच पुसलेला का?"

मी म्हणाले, "पुसलेला."

"मग मला काय दिसलं? आई म्हणते मला भास झाला. देवऋष्याकडं नेऊ म्हणते."

माठ तसाच ठेवला. "चल वर," मी म्हणाले.

वर तास चालू होता. आठ-दहा मुलं. नेहा होती. मी सरांना म्हणाले, "सर, सुजाता खोटं नाय बोलली. शनवारी मी डस्टर नाय घेतला. नुसतं ओलं फडकं मारलं. वाळल्यावर अक्षरं वर आली असतील."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मावशी, तुम्हाला असं बोलायला कुणी सांगितलं? जिन्यात तुम्ही दोघी बोलत होतात, मी ऐकलं."

नेहा म्हणाली, "पुसलेलं परत येतं होय मावशी? जादू का?"

"जादू नाय. बस आनी बग."

फळा मोकळा होता. मी सुजाताच्या हातात खडू दिला. "लिव काय पण." तिने दोन ओळी लिहिल्या. मी ओलं फडकं फिरवलं. सगळे बसले. सरांनी पंखा वाढवला. फळा वाळला. काहीच आलं नाही. थोडी धूळ, बाकी काळा.

पोरं हसायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशीचा फळा लाजला." सरांचं तोंड कडू झालं. सुजाताने खडू टेबलावर ठेवला आणि ती दाराकडे निघाली.

मग माझ्या ध्यानात आलं. सतरा वर्षं खडूचे तुकडे वेचले आणि ऐनवेळी तेच विसरले.

"ए, थांब गं. सर, हिचा हात हलका हाय. तुमी लिवा. रोजच्यासारखं."

सरांना लिहायचं नव्हतं. पण पोरांसमोर नाही म्हणता येईना. उठले, लिहिलं. खडू एकदा मोडला. मी फडकं पिळलं, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. फळा काळाभोर.

या वेळी कुणी हसलं नाही. हसायचं राहून सगळे बघत होते. खिडकीकडचा कोपरा आधी वाळला. तिथे एक आडवी रेघ दिसली. मग एक गोल. मग अक्षराला अक्षर लागत गेलं. पहिल्या बाकावरची पोर नकळत मोठ्याने वाचायला लागली, "वन... ऑफ... द... गर्ल्स..." आणि थांबली, कारण पुढे सर आले आणि फळ्यासमोर उभे राहिले, अगदी नाक लावून.

एका अक्षरावरून बोट फिरवून त्यांनी बोटाला लागलेला खडू बघितला. मग न वळता म्हणाले, "सुजाता, पुढे हॅज का हॅव?"

"हॅव."

"का? फळ्यावर बघितलंस म्हणून?"

"नाय सर. हू मुलींकडं बघतो. तिच्या एकटीकडं नाय."

सर वळले. मला विचारलं, "मावशी, हे तुम्हाला कधी कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, जिन्यात, असं म्हणता आलं असतं.

"मंगळवारी," मी म्हणाले.

सर खुर्चीवर बसले. "मी पत्र काल सकाळीच कंपनीत पोचवलं," ते म्हणाले.

पत्रात दुसरी आलेल्या नेहाचं नाव होतं. सरांनी तिथल्या तिथे कंपनीत फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं की मुलीच्या घरी कळवून झालंय, सोमवारपासून या म्हणून. नेहाने खाली बघितलं. तिला आदल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात तिचा काय दोष? माझ्यासारखीच गप्प बसली होती, आणि तिला तर कारण चांगलं होतं.

सुजाताने वह्या पिशवीत भरल्या. मी तिच्यामागे जिना उतरले.

"मंगळवारी सांगितलं असतंत तर?" तिने विचारलं.

"तर सरांनी परत पेपर घेतला असता. फळ्यावरचं तुला एकटीलाच दिसलेलं ना. मग तुझा नंबर लागला असता का नेहाचा, मला नाय सांगता येणार."

"मला पण नाय," ती म्हणाली. "आता ते कधीच कळणार नाय." आणि टेंपोच्या थांब्याकडे गेली.

मी माफी मागितली नाही. मागून तिला काय मिळणार होतं? तिच्या आईला निरोप मात्र पाठवला, की पोरीला भास झालेला नाही, देवऋष्याकडे नेऊ नका, फडकं माझं होतं. सरांनी मला कामावरून काढलं नाही. त्याचंही मला नवल वाटलं आणि संशयही आला. मग कळलं. फळ्यावर अख्खा पेपर लिहिणारे ते स्वतःच होते. मला काढलं असतं तर कारण सगळ्यांना सांगावं लागलं असतं.

चार महिन्यांनी सरांनी सुजाताला बोलावून घेतलं. लहान मुलांची एक बॅच तिला शिकवायला दिली. ती आली. रसायनीच्या कामाइतकं ते नव्हे, ते तिलाही माहीत होतं आणि सरांनाही. पण शिकवते चांगलं. हू आणि विचचा धडा तिचा मी पायरीवर बसून ऐकला. काचेची मुलगी तिने काढून टाकली. ती 'ज्या बाईने माठ भरला आहे ती बाई' असं वाक्य घेते. माठ भरलेला आहे का ते बघायला पोरं दाराकडे माना वळवतात, म्हणून मला तो सकाळीच भरून ठेवावा लागायचा.

यंदा मोतीबिंदू काढला आणि काम सोडलं. शेवटचा दिवस शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सुजाताच्या बॅचची परीक्षा होती आणि सरांची सवय तिलाही लागली होती. तिने दार लावून पेपर फळ्यावर सोडवला. मग दार उघडलं. मी डस्टर घेऊन उभी होते, कोरडा, झाडून आणलेला.

तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या मावशी. मीच पुसते."

तिने वरून खाली पुसलं, एका रेषेत. मग ओलं फडकं घट्ट पिळून फिरवलं. मग पहिल्या बाकावर बसली आणि फळा पूर्ण वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. मी दारात उभी होते. माझा टेंपो गेला.

तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर मला दारातसुद्धा उभं केलं नसतं.